डोंगरातली जमीन विकताना सरकार नको ते तपासते

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो: तुम्ही शेतकरी आहात का? राज्यात कुठेही, कितीही लहान, स्वतःच्या नावाचा सातबारा असला की प्रश्न मिटतो. नाशकातली वीस गुंठे द्राक्षबाग असो की लातूरकडची वडिलोपार्जित कोरडवाहू, त्या उताऱ्याच्या जोरावर वेल्ह्यात, मुळशीत, जावळीत, पाटणात किंवा पोलादपुरात डोंगर घेता येतो. त्या डोंगरावर जायला वाट आहे का, उन्हाळ्यात तिथे पाणी असते का, उतार किती आहे, विकणाऱ्याचा हिस्सा नेमका कुठे आहे, हे मात्र खरेदीखत नोंदवताना कोणीही विचारत नाही. सह्याद्रीच्या डोंगराळ तालुक्यांत घेणारा फसतो आणि गावही पोळते, ते या चार गोष्टींवरून. त्यामुळे आमचे म्हणणे सरळ आहे: या तालुक्यांपुरते तरी घेणाऱ्याच्या दाखल्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त वजन जमिनीच्या स्थळपाहणीला मिळाले पाहिजे, आणि तेही नोंदणीच्या आधी.

शेतकरी असण्याची अट 1948 च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम 63 मधली. कसेल त्याची जमीन हे तत्त्व रुजवायचे होते, सावकार आणि व्यापारी यांच्याकडे जमीन पुन्हा जाऊ नये हा हेतू होता. त्या काळात ती अट योग्यच होती. आज मात्र ती व्यक्तीची जात तपासावी तशी खातेदारकी तपासते, आणि जमिनीचे पुढे काय होणार याबद्दल मौन पाळते. मनापासून शेती करू पाहणाऱ्या, पण खातेदार नसलेल्या माणसाला दहा गुंठे घ्यायचे म्हटले तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. ज्याने कधी नांगर हातात धरला नाही, पण आजोबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून ज्याचे नाव चढले आहे, तो मात्र बिनदिक्कत जमीन घेत जातो. ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांच्यासाठी खोट्या दाखल्यांचा बाजार आहे. पकडले गेले तर कलम 84क खाली व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते, पण तोपर्यंत डोंगर कापून झालेला असतो.

इतर राज्यांनी याची दोन टोके गाठली आहेत. हिमाचल प्रदेशात 1972 च्या कायद्याचे कलम 118 बिगरशेतकऱ्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन घेऊ देत नाही. उत्तराखंडने 2025 मध्ये हरिद्वार आणि उधमसिंह नगर सोडून उरलेल्या अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेती व फळबागेची जमीन घेण्यावर बंदी आणली. कर्नाटकाने उलट 2020 मध्ये बिगरशेतकऱ्यांवरचे निर्बंधच उठवले. दोन्हीकडे भांडण एकाच मुद्द्यावर आहे: घेणारा कोण. डोंगराला मात्र घेणारा कुठला आहे याने फरक पडत नाही. पायथा कापला तर तो गावच्या माणसाने कापला तरी खचतो.

आता कागद आणि प्रत्यक्ष जमीन यांत डोंगराळ भागात किती अंतर असते ते पाहू, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. समजा सातबाऱ्यावर एका गटाचे क्षेत्र 3 हेक्टर 60 आर आहे. त्यातले 1 हेक्टर 40 आर पोटखराबा. पोटखराबा वर्ग अ म्हणजे खडक, नाला, लागवडीला अयोग्य भाग. वर्ग ब म्हणजे रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेला भाग. लागवडीलायक जे उरले त्यात दोन भातखाचरे, बाकी नाचणी-वरईची वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन. खातेदार तेवीस. त्यांतले सात जण वारलेले, वारसनोंद झालेली नाही. चार-पाच घरे मुंबईला. जावळी-पाटणकडची माथाडीत गेलेली, कोकणातली गिरणीत आणि पुढे नोकरीत स्थिरावलेली. गावात राहिलेला एक भाऊ आपला 'हिस्सा' विकतो आहे. तो बोट करून दाखवतो: त्या आंब्यापासून या दगडापर्यंत. ही त्याची वहिवाट आहे आणि ती खरीही असेल, पण सातबाऱ्यावर त्याचा हिस्सा अविभक्त आहे, नकाशावर तो तुकडा कुठेच नाही. घेणाऱ्याला खरेदीखताने मिळते ते तेवीस जणांच्या सामाईकातले एक नाव. आंबा आणि दगड यांच्यामधली जमीन मिळेलच असे नाही.

त्यातही बहिणींचा प्रश्न सर्रास लपवला जातो. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, महाराष्ट्राने तर त्याआधीच 1994 मध्ये तशी तरतूद केली होती. तरी वारसनोंदीत बहिणींची नावे गाळलेली किंवा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेली आढळतात. खरेदीनंतर पाच वर्षांनी एखादी बहीण किंवा तिची मुले दिवाणी दावा लावतात आणि जिंकतातही, कारण हक्क त्यांचाच असतो. शिवाय 1956 च्या उत्तराधिकार कायद्याच्या कलम 22 प्रमाणे एका वारसाने हिस्सा विकायला काढला तर इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. 'घरचे सगळे राजी आहेत' या तोंडी शब्दावर विसार देणारे यातच अडकतात.

म्हणून क्रम ठरलेला असावा. आधी आजचा डिजिटल सातबारा आणि आठ-अ. मग मागे जात प्रत्येक फेरफार, हस्तलिखित सातबाऱ्यांपर्यंत. फेरफारातल्या नोंदीच जमिनीचा इतिहास सांगतात: कूळ कधी लागले, वाटप कधी झाले, कर्जाचा बोजा चढला की उतरला. किमान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून. वाटप झाले नसेल तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली ते आधी करून घ्यायला विकणाऱ्याला सांगावे. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी. अर्ज खातेदारालाच करावा लागतो, लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात, आणि शेवटी मोजणी नकाशाची 'क' प्रत हाती येते. ती प्रत हातात येईपर्यंत विसारापलीकडे पैसे देऊ नयेत. डोंगरात जुन्या खुणांचे दगड पावसात वाहून गेलेले किंवा गवतात बुडालेले असतात. मोजणीदार रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या आधारे जागा मोजणारे यंत्र, घेऊन उभा राहिला की आंब्याची आणि दगडाची हद्द वीस-तीस फूट सरकते, आणि कधी कधी विकणाऱ्याचे अर्धे खाचर शेजाऱ्याच्या गटात निघते. हे मोजणीच्या दिवशी निघाले तर दोघे बसून मिटवतात, खरेदीनंतर निघाले तर कोर्टात जाते.

तुकड्यांबद्दल एवढेच. 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे केले. पुढे शहरी आणि रहिवासी पट्ट्यांसाठी सवलती आल्या, पण डोंगरातल्या शेती विभागात पाच-पाच गुंठ्यांचे 'फार्महाउस प्लॉट' विकणारा माणूस विकतो ते कागदावर पुन्हा अविभक्त हिस्सेच असतात. शेतघर बांधायला किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर, लागते. पाच गुंठेवाल्याला ते घर कायदेशीररीत्या कधीच बांधता येणार नाही, आणि ही गोष्ट जाहिरातीत नसते.

भोगवटादार वर्ग 2 (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन), देवस्थान इनाम, वतन, कूळकायद्याच्या कलम 43 ची कुळाची जमीन, या प्रत्येकाची परवानगी वेगळी. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीला खरेदी प्रमाणपत्रापासून दहा वर्षे झाली असतील तर 2014 च्या दुरुस्तीनुसार आकारणीच्या 40 पट रक्कम भरून विक्री करता येते. तो आकडा किरकोळ असतो, पण न भरता केलेली विक्री अडचणीत येते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर महसूल संहितेच्या कलम 36अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि तिला शासनाची मान्यता हवी. ती मिळेल असे सांगून कोणी विसार मागत असेल तर तिथून उठावे. रायगड-ठाण्याच्या पट्ट्यात 1975 च्या खासगी वने संपादन कायद्याचे शेरे सातबाऱ्याच्या इतर हक्कात बसलेले असतात, कधी जुन्या फेरफारात असून नव्या उताऱ्यावर उतरलेले नसतात. वनखात्याकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय अशा गटाला हात लावू नये.

वाट ही दुसरी गोष्ट. डोंगरात गावापासून शेतापर्यंत माणूस बांधावरून, दुसऱ्याच्या खाचराच्या कडेने, ओढ्यातून जातो. पिढ्यानपिढ्या कोणी अडवत नाही, कारण अडवणाऱ्यालाही पुढे कोणाच्या तरी बांधावरून जायचे असते. शहरातला माणूस मात्र चारचाकी घेऊन येतो. गावनकाशा उघडून पाहिला तर एकेरी तुटक रेषा दिसते: ती पायवाट, सव्वाआठ फुटांची. दुहेरी तुटक रेषा असेल तर गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी रेषेवर जेसीबी घालून गाडीरस्ता काढला की त्या बाजूच्या प्रत्येक खातेदाराची काही फूट जमीन गेली आणि वैर आले. रेषाच नसेल तर ती जमीन घेणाऱ्याने आयुष्यभर शेजाऱ्याच्या मर्जीवर जायचे. महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो, अस्तित्वातली वाट अडवली असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली दाद मागता येते. पण 143 चा रस्ता शेती करायला जाण्यासाठी असतो. पाहुण्यांच्या गाड्या बंगल्यापर्यंत न्यायला तो मागणे हे गावाच्या नजरेत लबाडीच आहे, आणि गावाचे बरोबर आहे. अलीकडे शेतरस्त्यांची नोंद इतर हक्कात घेण्याचे धोरण शासनाने धरले आहे, ते चांगलेच. विकणाऱ्याकडून लगतच्या खातेदारांचे रस्त्याबाबतचे नोंदणीकृत संमतीपत्र खरेदीखताच्या आधी घेतले, तर पुढची निम्मी भांडणे होतच नाहीत.

वाट अडवण्याचे दुसरे टोकही तितकेच खरे आहे. घेणारा पहिल्याच हिवाळ्यात गटाला सभोवार तारेचे कुंपण घालतो. त्या कुंपणाच्या आत गुरांची पाणवठ्याकडे जाणारी वाट असते, बायकांची सरपणाची वाट असते, कधी देवराईकडे जाणारी पायवाट असते. या वाटा सातबाऱ्यावर नसतात, पण वीस वर्षांहून जास्त उघडपणे, हक्काने वापरात असतील तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने त्यांना बळ मिळू शकते. कुंपण घालण्याआधी गावातल्या चार जाणत्यांबरोबर गट फिरून वाटा विचाराव्यात आणि तिथे तीन-चार फुटांची मोकळी जागा ठेवावी. खर्च काही नाही.

आता पाणी. कोकणकड्यावर आणि घाटमाथ्यावर चार महिन्यांत तीन ते पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि फेब्रुवारी-मार्चला त्याच वाड्यांवर बायका हंडा घेऊन उतरताना दिसतात. कारण खडक. सह्याद्री म्हणजे बेसाल्टचे एकावर एक थर. घट्ट काळ्या पाषाणातून पाणी मुरत नाही, भेगाळलेल्या आणि सच्छिद्र थरातून मुरते, आणि खाली पुन्हा घट्ट थर किंवा तांबड्या मातीचा पट्टा लागला की ते आडवे सरकून डोंगराच्या अंगावर झरा म्हणून बाहेर येते. म्हणजे झऱ्याचे पाणी वरच्या उतारावर मुरलेले असते. वरचा उतार ज्याने घेतला त्याने तिथली झाडी काढली, सपाटी केली, बोअर मारली, तर खालच्या वाडीचा झरा आटतो. दोघांचा गट वेगळा, मालक वेगळा, गाव कधी कधी वेगळे, पण पाणी एकच.

किती पाणी आहे हे मोजायला अभियंता लागत नाही. मे महिन्यात झऱ्याखाली 15 लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. ती तीन मिनिटांत भरली तर मिनिटाला 5 लिटर, दिवसाला 7,200 लिटर. पंचवीस घरांच्या वाडीत सव्वाशे माणसे धरली आणि जल जीवन मिशनच्या मापाने माणशी 55 लिटर दिले तर 6,875 लिटर झाले. उरले 325 लिटर. एका म्हशीला दिवसाला 40 लिटरच्या आसपास लागते, म्हणजे आठ जनावरांचे पाणी. संपला हिशेब. आता याच झऱ्याच्या वर कोणी दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल पोहण्याचा तलाव बांधला तर तो एकदा भरायला 70,000 लिटर लागतात, वाडीचे दहा दिवसांचे पाणी. उन्हाळ्यात दिवसाला सहा-सात मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी पन्नास चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज 300 ते 350 लिटर उडून जातात. ते आठ जनावरांचे पाणी होते. हे गणित खरेदीखताला जोडलेले असते तर त्या जागी तलाव बांधायची परवानगी कोणी मागितलीही नसती.

बोअर हे उत्तर नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेता येत नाही, आणि वाडी डोंगरात असेल तर बहुतेक गट त्या अंतरातच येतो. शिवाय घट्ट पाषाणात तीनशे फूट जाऊन धूळ निघाल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात आहेत. घराच्या छपरावरचे पावसाचे पाणी साठवणे जास्त खात्रीचे: शंभर चौरस मीटर छपरावर 3,000 मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-सांड धरूनही दोन लाख लिटरहून जास्त मिळते. अडचण साठवणुकीची, कारण पाऊस संपल्यावर आठ महिने काढायचे असतात. तीस-चाळीस हजार लिटरची टाकी आणि काटकसर असेल तर शनिवार-रविवार येणाऱ्या कुटुंबाला वाडीच्या झऱ्याला हात लावावा लागत नाही. ही टाकी शेतघराच्या परवानगीची अट असायला हवी.

उतार ही सगळ्यात धोक्याची बाब, आणि सगळ्यात सहज मोजता येणारी. राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 1:5 किंवा त्याहून तीव्र उतारावर विकासाला मुळात मनाई आहे. पाच मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ, म्हणजे साधारण अकरा अंश. डोळ्याला हा उतार सौम्य वाटतो, घेणारा तिथेच फसतो. गवंड्याकडची पारदर्शक नळी घ्या, सात-आठ मीटर लांबीची. पाणी भरताना आत बुडबुडा राहू देऊ नका, राहिला तर माप चुकते. एकाने वर, दुसऱ्याने खाली पाच मीटर आडव्या अंतरावर नळीचे टोक उभे धरायचे, पाणी स्थिर झाले की जमिनीपासून पाण्याच्या पातळीपर्यंत दोन्हीकडे मोजायचे. वर 40 सेंटिमीटर आणि खाली 1 मीटर 40 भरले तर फरक एक मीटर, उतार बरोबर 1:5. खाली एवढे किंवा त्याहून जास्त भरले तर ती जागा बांधकामाची नाही. गटात अशी सहा-सात मापे घेतली की चित्र स्पष्ट होते.

तरीही बांधतात. बारा मीटर रुंदीचे सपाट पटांगण 1:5 उतारावर करायचे तर वरच्या आणि खालच्या कडेत 2.4 मीटरचा फरक काढावा लागतो, 1:3 उतारावर 4 मीटरचा. जेसीबीवाला वरून कापतो आणि माल खालच्या अंगाला ढकलतो. कापलेल्या उभ्या अंगातून पहिल्याच पावसात पाणी पाझरते, कारण मुरणाऱ्या थराचे तोंड उघडे पडलेले असते. ढकललेली माती दाबलेली नसते, ती पाणी पिऊन जड होते आणि घसरते. मग धारक भिंत बांधतात. भिंतीत दीड-दोन मीटरवर पाणी जायला नळ्या ठेवलेल्या नसतात, मागे खडीचा भराव नसतो, आणि साठलेल्या पाण्याच्या दाबाने दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात भिंत पोट काढून कोसळते. खालचा शेतकरी सकाळी उठून पाहतो तर खाचरात मुरूम. डोंगरातले भातखाचर म्हणजे ताल घालून, वर्षानुवर्षे गाळ अडवून तयार केलेली वीतभर-हातभर माती. तिच्यावर मुरुमाचा थर बसला तर खाचर पुन्हा लागवडीला आणायला पुढचे कित्येक हंगाम जातात, आणि भरपाई कोणाकडे मागायची हेही त्याला कळत नाही, कारण वरच्या प्लॉटचे कुलमुखत्यारपत्र एकाकडे, ताबा दुसऱ्याकडे आणि सातबारा तिसऱ्याच्या नावावर असतो.

30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले गेले. 22 जुलै 2021 ला महाडजवळचे तळीये. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. या तिन्ही ठिकाणी मुख्य कारण अतिवृष्टी आणि तीव्र उतारावरची भिजून जड झालेली माती. माळीणच्या वेळी यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचीही चर्चा झाली. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता, बचावपथकांना चढून जावे लागले आणि हातांनी उकरावे लागले. शहरातले पैसेवाले तिथे घर बांधत होते म्हणून हे घडले असे मुळीच नाही. आमचा मुद्दा एवढाच की कोणी हात न लावलेला उतारही या पावसात टिकेल याची हमी नसते, तिथे आपण पायथा कापून, ओढ्याचे तोंड बुजवून, दहा ठिकाणी भराव टाकून परीक्षा पाहतो आहोत. 31 जुलै 2024 ला केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा पुन्हा काढला. त्यात महाराष्ट्राचे 17,340 चौरस किलोमीटर आहे. 2011 च्या गाडगीळ समितीच्या अहवालापासून हा विषय अहवाल, मसुदा, हरकती आणि पुन्हा मसुदा असा फिरतो आहे. तो सुटेपर्यंत गटागटाच्या पातळीवर उतार मोजायला कोणी अडवलेले नाही.

पाहायला जाणे हाही या प्रश्नाचाच भाग आहे. जमिनीच्या शोधात येणारे बहुतेक जण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, तेव्हा डोंगर हिरवा असतो, ओढे वाहत असतात, आणि त्याच आठवड्यात विसार होतो. जमीन चार वेळा पाहायला हवी. जुलैत, मुसळधारेत: गाडी कुठे रुतते, कोणत्या बाजूने लोंढा येतो, वीज किती तास जाते. ऑक्टोबरात: पीक कोण घेतो आहे, म्हणजे ताबा खरोखर कोणाचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये: वणवा कुठून येतो, जाळपट्टा आहे का. आणि मेमध्ये, बादली आणि घड्याळ घेऊन. प्रत्येक वेळी मुक्काम गावात करावा. शासनाच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाप्रमाणे एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याला केंद्राची नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात. ज्याला वर्षातले वीस-तीस दिवस डोंगरात राहायचे आहे त्याने जमीन घेण्याऐवजी अशा घरी जाऊन राहावे, हे आम्ही मनापासून सांगतो. घेतलेला प्लॉट वर्षाचे तीनशेहून जास्त दिवस कुलूपबंद राहतो, त्यावर गवत वाढते, ते मार्चात पेटते. तेच पैसे मुक्कामाच्या, जेवणाच्या, नाचणी-तांदळाच्या रूपाने दरवर्षी गावात आले तर एखादा मुलगा मुंबईला जायचा थांबतो.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्यांकडूनच येईल, आणि तो गंभीर आहे. दोन एकर भात-नाचणीत घर चालत नाही. दवाखाना, लग्न, मुलाचे शिक्षण यासाठी जमीन विकावी लागते, आणि विकताना सरकारने आणखी चार कागद मागितले तर एजंट आणखी पाडून मागेल. विकण्याचा हक्क शाबूत राहिलाच पाहिजे, यात दुमत नाही. पण आजचा व्यवहार पाहा. एजंट मोजणी न झालेली, वाटप न झालेली जमीन कमी भावाने उचलतो, विसार आणि कुलमुखत्यारपत्र करतो, रस्ता कापतो, आणि गुंठ्यावर अनेक पटींनी विकतो. मधला सगळा फरक मोजणी आणि रस्ता यांच्या अभावातून निर्माण होतो. मोजणी, वाटप आणि रस्त्याची संमती विक्रीच्या आधी, सरकारी खर्चाने किंवा नाममात्र फीत झाली तर तो फरक शेतकऱ्याच्या पदरात पडेल. दुसरा आक्षेप: आणखी एक दाखला म्हणजे चिरीमिरीची आणखी एक जागा. म्हणून आम्ही मागतो आहोत ते कोणाच्या मर्जीवर 'ना हरकत' देणारे पत्र नव्हे. मोजलेल्या आकड्यांचे एक पानी पत्रक मागतो आहोत: मोजणीची 'क' प्रत, नकाशावरची वाट आणि तिची रुंदी, 200 मीटरच्या आतले झरे व विहिरी आणि त्यांची मे महिन्यातली धार, किमान पाच ठिकाणचा उतार, सहहिस्सेदारांची पूर्ण यादी, बहिणींसह. यात मंजूर-नामंजूर काही नाही, त्यामुळे अडवून ठेवण्यासारखेही काही नाही. आकडा चुकीचा असेल तर कोणीही गावकरी बादली धरून तो खोडू शकतो.

हे पत्रक ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांनी मिळून भरावे, ग्रामसभेत वाचावे आणि खरेदीखताला जोडावे. आज फेरफाराची पंधरा दिवसांची नोटीस निघते ती खरेदी झाल्यावर, पैसे गेल्यावर. ती सूचना नोंदणीच्या आधी आणली तर मुंबईतल्या भावाला आणि सासरी गेलेल्या बहिणीला वेळेत कळेल. अनुसूचित क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्याने जमीन हातची जाऊ नये म्हणून ग्रामसभेला अधिकार दिलेच आहेत; अकोले, जुन्नर, आंबेगावच्या पेसा गावांपासून सुरुवात करायला त्यामुळे अडचण नाही. मे महिन्यातली धार एकदा सगळ्या झऱ्यांची मोजून गावदप्तरी लावली की पुढची पाच वर्षे प्रत्येक व्यवहाराला तीच नोंद पुरेल, आणि टंचाई आराखडा करताना पंचायत समितीलाही तीच लागेल.